वरच्या मजल्याचा अंदाज

परवा फरशी पुसायच्या औषधाला अमोनियाचा उग्र वास आला आणि मी थेट वाशीतल्या त्या आर्किटेक्टच्या ऑफिसात पोचले. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. टेबलावर आमच्या घराचा निळ्या रेघांचा ताजा नकाशा होता, अमोनियाच्या वाफेत छापलेला, तोच वास मारणारा. गिरगावातली खोली सोडून झाली होती आणि सरकारने दिलेल्या मुदतीत बांधलं नाही, तर नेरूळचा प्लॉटही जाणार होता.

"एवढ्यात घर होईल ना?" ह्यांनी खर्चाच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"हा अंदाज आहे, साहेब. पाया साध्या जमिनीचा धरलाय. तुमची जमीन खाडीच्या भरावाची. किती खोल जावं लागेल, ते खोदल्यावरच कळेल."

"मग आज आम्हाला काय कळलं?"

पंख्याखालीही ह्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. मागे फिरायला घर नव्हतं, पुढे जायची छाती होत नव्हती. शेवटी मीच म्हणाले, "वरची खोली वगळा. पाया नीट होऊ दे."

ती खोली ह्यांना पेटी वाजवायला हवी होती. ह्यांनी नुसती मान डोलावली.

तेव्हा त्या माणसाचा राग आला होता. आज वाटतं, आम्हाला खोटी आशा न दाखवणारा तोच एक होता. वरचा मजला कधीच झाला नाही. हे जन्मभर स्वयंपाकघराच्या दारात बसून पेटी वाजवायचे आणि मी पोळ्या लाटत ऐकायची.