ओंजळ नसलेले दिवस

कोमट पाण्याची धार पाठीवरून उतरते, तेव्हा शरीर सुखावते. मन मात्र कधीकधी आक्रसून जाते. त्या वर्षी जानेवारीतल्या धुकट सकाळी ओतूरच्या आमच्या मोरीत मी असाच आक्रसून बसलो होतो. आळेफाट्यावर ट्रकमधून सांडलेल्या ऑइलवरून माझी स्कूटर घसरली आणि दोन्ही मनगटे मोडली. कोपरापर्यंत प्लास्टर! प्रार्थनेला जोडायला हातच उरले नाहीत. पत्नी जुन्नरला परिचारिका. ती पहिल्या एसटीने जाई. मग मला न्हाऊ घालायला येत शेजारचे कोंडीभाऊ, कांद्याचे वाफे भिजवून, पायांवरच्या ओल्या चिखलासकट.

मी शाळामास्तर, आणि आमच्या छोट्या चर्चमध्ये अधूनमधून उपदेश करणारा. आजाऱ्यांच्या उशाशी बसण्यात माझी कितीतरी वर्षे गेली होती. देणाऱ्याचा हात वर असतो म्हणतात. त्या उंचीचीच मला सवय जडली होती की काय?

पहिल्या दिवशी मी शौचाला जाऊन उठलो आणि कोंडीभाऊंनी तांब्या उचलला. मी दाराला पाठ लावून उभा राहिलो.

"नको, कोंडीभाऊ. ही येईपर्यंत थांबतो मी."

"सांजपातूर? असं कसं व्हईल, मास्तर? वळा तिकडं."

मी वळलो. भिंतीकडे तोंड करून डोळे मिटले. त्यांच्या खरबरीत हातांत घाई नव्हती, किळस नव्हती. विहिरीवरची मोटर कशी जळाली, ते मात्र रंगवून रंगवून सांगत होते; मला लाज वाटू नये म्हणून!

कमरेला रुमाल बांधून प्रभू शिष्यांचे पाय धुवायला वाकला, तेव्हा त्यांच्यातल्या पेत्राने आधी नकार दिला होता. त्या नकारावर मी कितीदा बोललो होतो! त्याला मी नम्रता समजत आलो. आपला मळ दुसऱ्याच्या हाती जाईल, ही भीतीही त्या नकारात असू शकते, हे मला त्या मोरीत उमगले.

चर्चची माणसे संत्री घेऊन भेटायला येत, माझ्या सेवेचे गोडवे गात. तेवढ्यात कोंडीभाऊ मागच्या दाराने निघून जात. एकदा मी त्यांना थांबवले.

"या रविवारी चर्चमध्ये या. सगळ्यांसमोर तुम्हांला शाल द्यायची आहे."

ते हसले. "शाल कशापायी? तुमचं हात मोडल्यात, माझं धड हायती. त्यात लोकास्नी काय सांगायचं?"

ते आले नाहीत. सोमवारी सकाळी मात्र नेहमीच्या वेळी पाणी तापवायला हजर!

प्लास्टर निघाले. पुढे पवित्र गुरुवार आला. प्रभूच्या त्या वाकण्याची आठवण म्हणून त्या संध्याकाळी आमच्या चर्चचे पाळक बारा जणांचे पाय धुतात. त्यांत दरवर्षी मी असे. नेहमीप्रमाणे मी घरीच पाय साबणाने घासले, टाचा खरवडल्या, पांढरेशुभ्र मोजे चढवले आणि रांगेत जाऊन बसलो. पाळकांनी निर्मळ पावलांवर निर्मळ पाणी ओतले, नव्या टॉवेलने टिपले. लोक भक्तिभावाने गात होते. मी शेजारी पाहिले. अकराही जणांचे पाय तसेच लखलखीत! मळ घरीच धुऊन आलेल्यांपुढे प्रभूने वाकावे तरी कशासाठी? मला त्या स्वच्छ पायांची अशी लाज वाटली की मान वर करवेना.

गीत संपले. सगळे उठले. मी मोजे हातात धरून तसाच बसून होतो.