पाण्यातनं काढलेला जाळ

"पाण्यातनं जाळ काढलाय मी. रविवारी ये," एवढंच सांगून तात्यांनी फोन ठेवला.

तात्या म्हणजे माझे वडील. भवानीनगरला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून रिवायंड करतात. मी वडगाव निंबाळकरच्या शाळेत विज्ञान शिकवते. रविवार उजाडायची वाट कशी पाहिली ते माझं मला ठाऊक.

शेडमध्ये टेबलावर पाण्याच्या फिल्टरचा प्लॅस्टिकचा डबा होता. आत स्टीलचे दोन पत्रे, त्यांना ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या तारा. झाकणातून निघालेली नळी आधी पाण्याच्या एका बाटलीत जात होती आणि तिथून पुढे बारीक तोटीला. जाळ उलटा फिरला तर बाटलीतल्या पाण्यात विझावा, एवढी काळजी त्यांनी घेतली होती. तांब्याच्या तारांचे सांधे जोडायला त्यांना बिनकाजळीचा बारीक जाळ हवा होता, आणि मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ पाहून त्यांनी हे जमवलं होतं.

"वीज वाहायला पाण्यात काय घातलंय? मीठ नाही ना?" मी धास्तावून विचारलं. मिठानं विषारी क्लोरीन सुटतो.

"कॉस्टिक पोटॅश हाय. तेवढं कळतंय मला. चष्मा लाव तू."

त्यांनी तार जोडली आणि डबा दुधासारखा पांढरा झाला. इतके बुडबुडे! दरवर्षी फळ्यावर मी पाण्याचं हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये होणारं विघटन लिहिते, पण ते असं उसळताना कधी पाहिलं नव्हतं. तोटीला सुईएवढा जाळ पेटला. मी टाळ्या वाजवल्या. पण थोड्याच वेळात डबा तापला, वाफ धरली, जाळ पाणी थुंकायला लागला आणि विझला. झाकण मऊ पडून एका बाजूला कललं.

"हे असं होतंय बघ दरवेळी," तात्या हिरमुसून म्हणाले.

मी खडू घेऊन जमिनीवरच मांडलं. "तात्या, दोन पत्र्यांमधल्या एका फटीला दोन व्होल्ट पुरतात. तुमी बारा देताय. उरलेल्यात नुसतं पाणी तापतंय."

"मग काय, बॅटरी कापू?"

"बॅटरी नको. मधे आणखी पत्रे घाला, तार न जोडता. सहा फटी झाल्या की बारा व्होल्ट आपोआप वाटले जातील."

त्यांनी खडूच्या रेघांवर बोट ठेवून फटी मोजल्या. मग एकदम उठले, स्कूटरला किक मारली आणि बारामतीच्या भंगारवाल्याकडे गेले. येताना स्टीलचा पत्रा आणि ट्रॅक्टरची फाटकी ट्यूब घेऊन आले. ट्यूबच्या चौकटी कापून आम्ही पत्र्यांच्या मधे घातल्या आणि दोन्हीकडून जाड अ‍ॅक्रिलिक लावून बोल्टांनी सगळं आवळलं. हा आमचा नवा सेल. आमचे हात काळे झाले होते.

पुढच्या रविवारी चालू केलं. तापणं खूप कमी झालं, पण वरचा भाग अजून चटका देत होता. मी अ‍ॅक्रिलिकला डोळा लावून बघितलं. बुडबुडे पत्र्यांच्या वरच्या टोकाला अडकून राहत होते आणि तिथे पाणीच पोचत नव्हतं. सहज नजर दाराबाहेर गेली. शेजारच्या गच्चीवर सोलरची टाकी होती, खाली काचेच्या नळ्या. तिथं पाणी पंपाशिवाय आपोआप वर चढतं.

"तात्या, पाण्याची टाकी वर टांगा! तळातून एक नळी सेलच्या खाली, आणि सेलच्या वरून एक नळी परत टाकीत."

"पंप?"

"पंप कशाला? बुडबुडेच पाणी वर ढकलतील. टाकीत गार होऊन ते पुन्हा खाली येईल."

तात्यांचे डोळे चमकले. "व्हय की गं!"

टाकी टांगली, गॅसची नळी तिच्या झाकणातून बाटलीत नेली, आणि वरच्या नळीतून बुडबुड्यांसकट पाणी टाकीत उड्या मारत जायला लागलं, कुणी न ढकलता. तात्या लहान मुलासारखे हसत होते. जाळ लावला, आणि तेवढ्यात 'फट्' करून बाटलीचं झाकण छपराच्या पत्र्यावर आपटलं. जाळ उलटा फिरला होता, पण पाण्यानं त्याला तिथेच गिळलं.

आई पिठाच्या हातांनी धावत आली. "घर उडवताय का बाप-लेक? भायेर न्या ते सगळं!"

तिचं ऐकलं. सेल टाकीसकट उघड्यावर लिंबाखाली नेला, जाळ मागे फिरू नये म्हणून तोटीचं भोक आणखी बारीक केलं, आणि बाटली जाड लोखंडी पाइपात उभी केली. दुपारभर चालवला. अधूनमधून आम्ही दोघं सेलच्या अंगाला हात लावून बघायचो. आंघोळीच्या पाण्याइतका कोमट, त्याच्या वर नाही.

कऱ्हाटीच्या एका शेतकऱ्याची मोटार आली होती. तिचे सांधे तात्यांनी त्या जाळावर जोडले. दिवसाच्या उजेडात तो जाळ दिसतही नव्हता. तांबं लाल झालं की कळायचं. काजळीचा ठिपका नाही.

"तात्या, कुठला गॅस ह्यो?" शेतकऱ्यानं विचारलं.

"पाण्याचा," तात्या म्हणाले आणि माझ्याकडं हात केला. "हिनं गार ठेवलाय."

मोटार लावून बघितली. घुं करून फिरली. शेतकरी ती घेऊन गेला, तरी आम्ही तिथंच. "पत्रे घासून खरबरीत केले तर बुडबुडे लवकर सुटतील का गं?" तात्या विचारत होते, आणि मी सँडपेपर शोधायला शेडमध्ये शिरलेही होते.