सरोजताईंची जाग

सकाळी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं की समोरच्या फ्लॅटमधल्या सरोजताई आधी रात्रीची हकीकत सांगत. "आज पोटरीत गोळा आला, त्याने उठवलं." दुसऱ्या दिवशी पाणी जास्त प्यायलेलं असे, कधी खालच्यांचं कुत्रं, कधी संध्याकाळचा चहा. कारण रोज वेगळं, जाग मात्र ठरलेली. एकदा उठल्या की उजाडेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नसे.

सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत त्या एकट्या राहत. यजमान वर्षापूर्वी गेलेले, मूलबाळ नाही. मीही नोकरीसाठी अमरावतीहून आलेली, एकटीच. दारातलं हे बोलणं म्हणजे कित्येकदा आम्हा दोघींचं दिवसभरातलं एकमेव घरगुती बोलणं असे.

शेवटी मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दुपारची झोप आणि संध्याकाळचा चहा बंद करायला सांगितला, रात्री पाणी कमी प्या म्हणाले. जिना उतरताना ताई म्हणाल्या, "छान. म्हणजे आता तहानेने उठायचं." तरी सगळं निमूटपणे पाळलं. जाग येतच राहिली.

एका सकाळी त्यांनी कारण सांगितलंच नाही. मीच विचारलं, "आज काय झालं, ताई?"

"काहीच नाही. उठले, ह्यांच्या पलंगापाशी गेले आणि हात पुढे केला." जरा थांबून म्हणाल्या, "अगं, हे सहा वर्षं अंथरुणाला खिळलेले. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्रीतून तीन-चारदा कूस बदलून द्यायचे. गजर कधी लावावा लागला नाही. आता हे नाहीत, ते माझ्या अंगाला कोण सांगणार?"

त्यांना आत बसवून मी चहा टाकला.

दिवाळीनंतर त्यांची धाकटी बहीण कुमुद त्यांना खडकवासल्याला आपल्या घरी कायमची घेऊन गेली. तीही एकटीच होती. काही आठवड्यांनी मी फोन केला. "आता झोप लागते का?"

"जाग येते गं. पण शेजारी कुमुद घोरत असते. ते ऐकत पडते, मग कधी डोळा लागतो कळत नाही."

"बरं झालं," मी म्हणाले.

"आणि तुझी झोप?"

"लागते की," मी म्हणाले, पण जरा उशिराच.

मग त्या म्हणाल्या, "शनिवारी मुक्कामाला ये. कुमुदचं घोरणं दोघींना पुरेल."