धरणावरचा जुना संगणक आणि घरत मॅडम

प्रा. घरत मॅडम येत्या महिन्यात साठ वर्षे पूर्ण करत आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांनी काढलेल्या या गौरवग्रंथात माझे नाव पाहून काहींना नवल वाटेल, कारण मी त्यांच्या वर्गात कधीच बसले नाही. मॅडम मला पहिल्यांदा भेटल्या त्या मुरबाड तालुक्यातल्या एका लहान धरणाच्या कार्यालयात.

धरणातल्या पाण्याची पातळी नोंदवणारा प्रोग्रॅम तिथे एका जुन्या युनिक्स संगणकावर चाले. पाणी कधी सोडायचे आणि नदीकाठच्या गावांना निरोप कधी धाडायचा, हे त्या आकड्यांवर ठरे. उन्हाळ्यात संगणकाची डिस्क गेली. नव्या डिस्कवर युनिक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीची हाती होती ती, आधीपेक्षाही जुनी आवृत्ती घातली. फ्लॉपीवरचा प्रोग्रॅम पुन्हा कंपाईल करायला, म्हणजे त्या संगणकावर चालेल असा तयार करायला घेतला, तर पडदाभर चुका आल्या. मी धसईची, कंत्राटावर नुकतीच लागलेली ऑपरेटर. मला काही उमगेना. शेवटी कार्यालयाच्या मुख्य साहेबांनी शहापूरच्या एका महाविद्यालयात फोन केला आणि दुसऱ्या दिवशी मॅडम एसटीने आल्या.

मी घाबरून शेवटची चूक वाचू लागले. मॅडमनी थांबवले.

"वरून वाच गो. पहिली चूक काय म्हणते?"

"हेडर फाईल सापडत नाही, म्हणते."

प्रोग्रॅमला लागणाऱ्या गोष्टींची ओळख ज्या फाईलमध्ये आधी करून दिलेली असते, ती हेडर फाईल, असे त्यांनी मला सांगितले. ओळखच पटली नाही की पुढच्या प्रत्येक ओळीला प्रोग्रॅम अडतो. मग त्यांनी शांतपणे सगळी डिस्क शोधली. ती फाईल होती, पण दुसऱ्या नावाने. एक ओळ बदलली आणि पडदाभर चुकांच्या दोनच उरल्या. दुसरी एक हेडर फाईल मात्र या आवृत्तीत मुळातच नव्हती. "ती उद्या पाहू," म्हणून मॅडम शेवटच्या गाडीने परतल्या.

मला उद्यापर्यंत धीर धरवला नाही. कार्यालयातल्या नव्या संगणकावर त्याच नावाची फाईल होती. मी ती फ्लॉपीवरून जुन्यावर आणून टाकली. प्रोग्रॅम एकही चूक न दाखवता तयार झाला. साहेब खूश झाले. मॅडमना फोन केला तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "फाईल मिळाली कुठे?"

"इथेच, मशीनवर," मी खोटे बोलले.

यायची गरज नसतानाही मॅडम सकाळी आल्या. त्याच वेळी पातळीची पट्टी डोळ्यांनी वाचणारे धर्मादादा वर आले. ते सिद्धगडाखालच्या वाडीतले.

"सायेब, पट्टीवर पानी हातभर वर हाय. यंतर खाली दावतंय."

"कॉम्प्युटर चुकत नाही, धर्मा," साहेब म्हणाले.

मॅडम उठल्या आणि दादांबरोबर पायऱ्या उतरून पट्टीपाशी गेल्या. परत येऊन त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यांना बाजूला नेऊन मला सगळे सांगावे लागले. नव्या संगणकाच्या फाईलने जुन्याला आकड्यांची मापेच चुकीची सांगितली होती. म्हणून तक्रार न करता प्रोग्रॅम चुकीच्या जागचा आकडा उचलत होता. पावसाळ्यात हेच झाले असते, तर खालच्या गावांना निरोप उशिरा गेला असता.

मॅडमनी ती फाईल काढली आणि जुन्या संगणकाचे माहितीपुस्तक उघडून, त्याला मानवेल अशा मोजक्या ओळी स्वतः लिहिल्या. दुपारपर्यंत पट्टी आणि यंत्राचे आकडे तीनदा ताडून पाहिले. तीनही वेळा जुळले. साहेबांना त्या म्हणाल्या, "काम अर्धवट सोडून मी गेले होते. चूक माझी धरा."

थांब्यावर मला म्हणाल्या, "घाईत चूक होते, माझीही झालीय. पण विचारलं तेव्हा खरं का नाय सांगितलंस?" गाडी सुटल्यावर मी परत जाऊन साहेबांना खरे सांगितले. आता नोकरी जाणार, असेच वाटत होते. ते म्हणाले, "महिनाभर रोजचा आकडा धर्माच्या पट्टीशी ताडून माझ्याकडे आणायचा."

काही दिवसांनी प्रोग्रॅम उघडला, तेव्हा बदललेल्या ओळींच्या वर मॅडमनी लिहिलेली टीप दिसली: 'पातळीतला फरक प्रथम धर्मादादांनी पाहिला.' मी ती दादांना वाचून दाखवली. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली आणि म्हणाले, "आमचं नाव त्या डब्यात?"

माझे वडील शहापूरला रुग्णालयात होते तेव्हा मॅडम रोज दोन डबे आणत, एक त्यांच्यासाठी आणि एक माझ्यासाठी. मी जेवून होईपर्यंत उठत नसत. ओळख तर तेवढीच, धरणावरच्या दोन दिवसांची.

निवृत्तीनंतर वाड्यांवरच्या मुलींसाठी संगणकाचा वर्ग काढण्याचे मॅडमच्या मनात आहे. त्या चढणी चढायला त्यांच्या गुडघ्यांत बळ राहो, डोळे असेच निवळ राहोत आणि मनाजोगते शिकवायला त्यांना पुष्कळ वर्षे मिळोत. वर्ग सुरू होईल त्या दिवशी पहिल्या बाकावर मी बसणार आहे. मॅडमच्या वर्गात बसायचे माझे राहूनच गेले आहे.