आमच्या अंगणात लॉन

गाव सोडायच्या सकाळी ट्रकमध्ये सामान चढलं होतं आणि आई अंगण झाडत होती. "चाल ना वं आई, आता कोणासाठी झाडून राह्यली?" मी चिडून म्हटलं. "गवत ठेवून नाई निघत मी," ती म्हणाली. आमच्याकडे अंगणात गवत म्हणजे त्या घरात माणूस उरला नाही. वाघासाठी जंगल मोकळं हवं म्हणून आम्हाला उठवलं. तुम्ही गाववाले कोणी घुग्घुसला गेलात, कोणी ब्रह्मपुरीला. मी लग्न होऊन चंद्रपुरात आले.

पुढे आईला वनखात्याकडून जंगलात गवताचं बी गोळा करायची मजुरी मिळाली. तिने तण निवडून, पाखडून, निर्मळ बी दिलं. ते कुठे पेरलं हे तिला मागून कळलं. आमच्याच गावावर. आमच्या चुलींच्या जागी आता चितळं चरतात आणि सफारीच्या जिप्सीतले पाहुणे म्हणतात, काय सुंदर कुरण. त्यांच्यासाठी माझ्या तोंडात चांगला शब्द नाही.

यंदा आम्ही घर बांधलं. बाबा गेल्यापासून आई एकटी, म्हणून तिला इकडे आणायचं ठरलं. नवऱ्याला नेमकं तेव्हाच दारासमोर लॉन पाहिजे. आई असल्या घरात राहणार नाही, मी बजावलं. "गावच्या समजुती गावात ठेव," तो म्हणाला. कोणत्या गावात ठेवू? दुकानदाराने बर्म्युडाचं बियाणं दाखवलं: ताजं, भेसळ नाही, उगवण उत्तम. बर्म्युडा म्हणजे आपली हरळीच. ती उपटता उपटता आमच्या बायांची कंबर गेली. नवऱ्याने सगळ्यात महागाचं पाकीट उचललं.

आईने आल्या आल्या ते पाहिलं. सवयीने चिमूटभर बी तळहातावर घेऊन फुंकर मारली. "बी चांगलं हाय, जावईबापू. मी मेल्यावर पेरजा," म्हणाली आणि आपली कपड्यांची पिशवी उचलून दाराकडे वळली. नवरा हसला. रविवारी पेरणार म्हणजे पेरणार, म्हणाला. मी कशीबशी तिला दोन दिवस थांबवलं.

शनिवारी तो ड्यूटीवर गेला तसं मी सगळं बी कढईत भाजलं, गार केलं आणि पाकिटात परत भरलं. आई शेजारी बसून पाहत होती. "अजून एकदा परतून घे," एवढंच बोलली.

आता तो रोज पाइप धरून उभा राहतो आणि दुकानदाराच्या नावाने खडे फोडतो. फोडू दे. आईने पिशवीतली लुगडी काढून माझ्या कपाटात ठेवली आहेत. माझं घर कोणतं म्हणाल तर हेच, कारण इथून तिला उठवायला आलेल्याची गाठ आधी माझ्याशी आहे.