देवीची जाड पेन्सिल

माझ्या मामेसासऱ्यांना भूमध्य समुद्र जेवढा कळला, तेवढा तो त्याच्या काठावर जन्म काढलेल्यांनाही कळला नसेल, असं माझं ठाम मत आहे. वास्तविक मामांनी समुद्र पाहिला तो एकदाच, खात्याच्या कामाला अलिबागला गेले होते तेव्हा, आणि नेमकी ओहोटी होती. "पाणी जाग्यावर नव्हतं," एवढंच त्यांनी परत आल्यावर सांगितलं. जी वस्तू दिवसातून दोनदा आपली हद्द बदलते, तिच्यावर मामांचा विश्वास बसणं शक्य नव्हतं. कारण मामा मोजणी खात्यातले. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतली शेतं, बांध, ओढे आणि गावठाणं त्यांनी तीसेक वर्षं मोजली, आणि निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही म्हणून नकाशाचं पुस्तक उघडून थेट भूमध्य समुद्रात उतरले.

मी पहिल्यांदा मुलगी बघायला गेलो तेव्हा बाकीच्यांनी मला पगार विचारला, मामांनी चतुःसीमा विचारल्या. घराच्या पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, येण्याजाण्याची वाट कुठून. माझं बालपण गेलं भाड्याच्या खोलीत. पूर्वेला संडास आणि पश्चिमेला मालक, असं मी खरं ते सांगून टाकलं. "माणूस खोटं बोलत नाय," मामा म्हणाले, आणि लग्न ठरलं. पुढे नेरळला आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीला भटजींच्या आधी मामांनीच घराला प्रदक्षिणा घातली, हातात टेप. हॉल चार इंच कमी भरला. जेवणाच्या पंगतीत त्यांनी शेजारच्या फ्लॅटवाल्यांकडे वाकून हळूच विचारलं, "तुमच्याकडं चार इंच जास्ती निघतात का, बघा जरा." ते शेजारी अजून आमच्याशी जपून बोलतात. टेप जवळ नसला तरी मामांचं काही अडत नाही. त्यांचं एक पाऊल बरोबर अडीच फुटांचं, लग्नाच्या वरातीतसुद्धा. बँडवाले पुढे निघून जातात, नवरदेव घोड्यावरून मागे बघत राहतो, मामा आपले अडीच फुटांनी येत असतात.

भूमध्य समुद्र त्यांच्या घरात आला तो मुलामुळे. मुलगा मालवाहू जहाजावर इंजिनात कामाला आहे, आणि ते जहाज त्या बाजूच्या बंदरांतून फिरतं. त्याचा फोन आला की मामी विचारायच्या, "जेवलास का रं?" तेवढ्यात मामा फोन ओढून घ्यायचे आणि विचारायचे, "बंदर कुठलं? लगतधारक कोण?" लगतधारक म्हणजे बांधाला बांध लागून असलेला शेजारी. मुलगा बिचारा सांगायचा, आणि फोन ठेवल्यावर मामा नकाशाच्या पुस्तकात त्या देशाच्या चारी बाजू बोटानं फिरून यायचे. "एका तळ्याला वीस-बावीस लगतधारक, जावईबापू," ते मला म्हणाले. "भांडणं होतील नायतर काय आरत्या होतील?"

एकेका देशाबद्दल त्यांचं मत तयार होतं, आणि सगळी मतं मोजणीच्या भाषेत. तुर्कस्तानच्या किनाऱ्याला चिकटून ग्रीसची बेटं आहेत, त्यावर मामांचा निकाल असा, की घर ग्रीसचं आणि पागोळ्या तुर्कस्तानच्या अंगणात. असलं बांधकाम मुळात होऊच द्यायचं नसतं. मोरोक्को आणि अल्जीरिया यांची भाषा एक, धर्म एक, जेवण जवळपास एक, आणि मधली वाट बंद; यावरून ते सख्खे चुलतभाऊ आहेत हे मामांनी कोणतंही पुस्तक न वाचता ओळखलं. स्पेनवर मात्र त्यांचा विशेष लोभ. स्पेनच्या टोकाला एक खडक इंग्रजांकडे आहे, त्याबद्दल स्पेनची कायमची तक्रार. आणि पलीकडे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, मोरोक्कोच्या अंगाला, दोन गावं स्पेन स्वतः धरून बसलाय. "आपल्या दारात दुसऱ्याचा खुंटा नको, आन दुसऱ्याच्या दारात आपला खुंटा पायजे," मामा खूश होऊन म्हणायचे. "आमच्या आळीतच असे चार स्पेन हायत." एकदा चौक गावी एका ढाबेवाल्याचं आणि शेजारच्या गॅरेजवाल्याचं ट्रक कोणी कुठे लावायचे यावरून जुंपलं होतं. मामा मध्ये पडले आणि एकमेकांचं तोंड न बघता लेबनॉन आणि इस्राएल यांनी समुद्रातली हद्द कशी ठरवली, हे त्यांनी उभ्या उभ्या पाऊण तास समजावून सांगितलं. पुन्हा हे ऐकावं लागू नये म्हणून दोघांनी तिथल्या तिथे तह केला. मामा ती आपली कमाई समजतात.

एवढ्या थोर मुत्सद्द्याला स्वतःच्या घरातली एक हद्द मात्र सुटत नव्हती, आणि ती बिघडवलीही त्यांनीच होती.

मामांचं गाव खालापूर तालुक्यातलं शेवटचं, मामींचं माहेर कर्जत तालुक्यातलं पहिलं. दोन्ही गावांच्या देवी सख्ख्या बहिणी. शिवेवर शेंदूर फासलेला एक दगड आहे. चैत्रातल्या जत्रेला दोन्ही पालख्या त्या दगडापाशी यायच्या, खांद्याला खांदा लावून भेटायच्या, आणि देवींची भेट झाली की या गावात दिलेल्या लेकींची ओटी त्यांच्या आया तिथेच भरायच्या. पालख्या भेटल्याशिवाय त्या दिवशी बाईनं शीव ओलांडायची नाही, असा रिवाज. एरवी माहेरी जाऊन ओटी भरून घेता येतेच, पण ती निराळी आणि ही निराळी. वीसेक वर्षांपूर्वी रस्त्याच्या कामासाठी मोजणी निघाली आणि ती नेमकी मामांच्या वाट्याला आली. मामांनी एका सकाळीत मोजून काढली. खरी हद्द दगडापासून चाळीस फूट पुढे, कर्जतच्या बाजूला निघाली. हे कागदावर लिहून गप्प बसले असते तर काही झालं नसतं. पण मामा दोन्ही गावच्या माणसांसमोर, सासुरवाडीच्या तोंडावर म्हणाले, "म्हणजे तुमची देवी दरसाल आमच्या हद्दीत चाळीस फूट अतिक्रमण करते."

झालं. देवीला अतिक्रमण म्हटल्यावर कोण ऐकून घेणार? मामींचा भाऊ त्या गावचा पोलीस पाटील. त्यानं सांगून टाकलं की यापुढे आमची देवी मोजणीच्या खुणेपुढे एक पाऊल टाकणार नाही. इकडचे म्हणाले, आमची देवी मानाचा दगड सोडणार नाही. तेव्हापासून दर चैत्रात दोन बहिणी चाळीस फुटांवर समोरासमोर उभ्या राहायच्या. ढोल दोन्हीकडून वाजायचे. घटकाभरानं पालख्या माघारी फिरायच्या. मामींची आई खण, नारळ, तांदूळ घेऊन पलीकडच्या खुणेवर यायची, लेकीकडे बघायची आणि तशीच परत न्यायची. पाच-सहा वर्षांमागे ती गेली. जत्रेच्या त्या दिवशी मामी मामांशी बोलायच्या नाहीत. भांडण नाही, रडणं नाही. सकाळपासून दुसऱ्या दिवशीच्या चहापर्यंत अवाक्षर नाही. मामा त्या दिवशी नकाशाचं पुस्तक घेऊन ओटीवर बसायचे आणि पान उलटायचे नाहीत. मोजणी चुकली एवढं म्हणा आणि मोकळे व्हा, असं आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं. "चुकली नाय तर चुकली कसं म्हणू?" मामांचं उत्तर ठरलेलं. "एक मोजणी खोटी म्हटली, का उद्या दोन तालुक्यांतले बांध लोक कोरून खातील." आणि ते खरंही होतं, हीच तर अडचण.

गेल्या वर्षी चैत्राच्या थोडं आधी मी वालाचं बिरडं खायला म्हणून त्यांच्याकडे गेलो होतो. जेवणं झाली आणि मुलाचा फोन आला. जहाज सायप्रसला लागलेलं. त्या बेटाचे दोन वाटे झालेत, मधल्या रेषेला हिरवी रेषा म्हणतात, कारण म्हणे एका साहेबानं ती नकाशावर हिरव्या पेन्सिलीनं ओढली होती, असं मुलानं सांगितलं. मामांचा चेहरा उतरला. "पेन्सिलीनं?" ते म्हणाले. "हद्द पेन्सिलीनं?" मग जरा थांबून, "टोक केलेली होती का बोथट रं?" मुलाला ते कुठून माहीत असणार. त्यानं एवढंच सांगितलं की दोन्ही बाजूंच्या मध्ये एक पट्टी आहे, दोघांपैकी कोणाच्याच ताब्यात नाही, आणि राजधानीच्या गावात दोन्हीकडची माणसं त्या पट्टीत येऊन बोलत बसतात.

कोणाची नाही अशी जमीन जगात नसते, हे मामांचं आयुष्यभराचं तत्त्व. फोन ठेवल्यावर ते तडक उठले. मग ट्रंकेतून गावनकाशाची जुनी नक्कल काढली, शिवेच्या रेघेवर फूटपट्टी ठेवली, नाक टेकवून बघितलं आणि भिंतीवर खडूनं गुणाकार केला. मामींनी भिंतीवरून त्यांना एरवी फाडून खाल्लं असतं, पण त्याही दारात उभ्या राहून बघत होत्या.

"रेघंला जाडी असते, जावईबापू," मामा म्हणाले. "नकाशावर ही एवढीशी, पण जमिनीवर उतरवली तर तीस-चाळीस फूट. तीस वर्षं रेघा काढल्या मी. ही जाडी कोणाची, ते मला कोणी विचारलंच नाय, आन मी पण नाय विचारलं."

लगेच मोटरसायकलवर मला चालवायला बसवून ते सासुरवाडीला निघाले. वीस वर्षांत मेव्हण्याच्या अंगणात त्यांनी पाय ठेवला नव्हता. पोलीस पाटलांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मुद्द्यावर आले.

"दाजी, मोजणी चुकली म्हना, विषय संपला."

"मोजणी नाय चुकली."

"मंग दगड चुकला म्हनता?"

"दगड पण बरोबर हाय."

"दोनी कशी बरोबर आसतील?"

"देवीची पेन्सिल जाड होती," मामा म्हणाले.

पाटील माझ्याकडे बघू लागले. त्यांना वाटलं, म्हातारा उन्हातून आलाय. मामांनी अंगणातल्या मातीत काडीनं एक रेघ ओढली, मग तिच्यावरून तळहात फिरवून ती रुंद केली. "ह्ये चाळीस फूट म्हणजे नुसती रेघ हाय. अलीकडं आमचं, पलीकडं तुमचं, आन रेघ कोणाचीच नाय. रेघंत दोघी उभ्या राहिल्या तर अतिक्रमण कोणी कोणाचं केलं?"

पाटलांनी वाकून ती रेघ बघितली. "आन त्यो शबूद?"

"त्यो माझा चुकला," मामा म्हणाले. "मोजणी नाय, शबूद चुकला. त्यो मागं घेतो."

"लेखी द्या."

लेखी द्या म्हटल्यावर मामांना कोण आनंद. तिथेच बसून त्यांनी चतुःसीमांसकट कागद लिहिला, की सदरहू पट्टी कोणाच्याही मालकीची नसून बहिणींच्या भेटीसाठी राखीव आहे. खाली सही केली, शिवाय माझीही साक्षीदार म्हणून घेतली. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा आंतरराष्ट्रीय करार तो हाच.

जत्रेच्या दिवशी मामांनी पट्टीच्या दोन्ही कडा चुन्याच्या फक्कीनं आखल्या. पालख्या आल्या, आपापल्या कडेवर थांबल्या, आणि कोणीच पुढे होईना. वीस वर्षांची सवय पायांत बसलेली. ढोलसुद्धा थांबले. तेव्हा मामा एकटेच त्या मोकळ्या पट्टीत शिरले. मोठ्यानं मोजत आठ पावलं चालले आणि मधोमध उभे राहून दोन्ही हात वर करून म्हणाले, "आठ हिकडून, आठ तिकडून. एक पण जास्ती नाय." आणि दोन्ही पालख्या आठ पावलं आल्या. खांद्याला खांदा लागला. गुलाल असा उडाला की हद्द, दगड, चुना काहीच दिसेना. दोन्ही गावची माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती, वाजंत्री कोणाची कोणत्या गावची कळत नव्हती, आणि पोलीस पाटलांनी मामांना उचलून धरलं होतं. मामांचे पाय जमिनीला लागत नव्हते आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. मी त्यांना इतकं आनंदात कधी पाहिलं नाही. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि ते गुलालाचं नव्हतं.

मामींची ओटी त्यांच्या भावजयीनं भरली. खण, नारळ, तांदूळ, सगळं रीतीनं. गर्दी पांगल्यावर मामी पिशवी सांभाळत मामांपाशी आल्या. जत्रेच्या दिवशी त्या वीस वर्षांनी त्यांच्याशी बोलणार होत्या, म्हणून मी जरा बाजूला झालो, पण ऐकू आलंच.

"आवो," मामी म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "ह्ये आई हुती तवा का नाय सुचलं?"

मामांनी मामींच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली आणि दोघं घराकडे चालू लागली. मामा त्या दिवशी पावलं मोजत नव्हते; मामींच्या चालीनं चालत होते.