शिलाई मशीनचं काउंटर

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधंसुधं काम म्हणजे हॉटेलात खोली घेण्याची तालीम. मंगळवारी संध्याकाळी. शिलाई मशीनच्या पलीकडे मी, गळ्यात पंचा टायसारखा बांधलेला. अलीकडे आमची ही, काखेत पर्स.

"गुड इव्हिनिंग. आय हॅव अ रिझर्वेशन."

"अगं, भाजी करपतेय."

"मॅडम म्हणा! काउंटरवर अगं-अहो नसतं."

भाजी करपलीच. अख्ख्या सातपुरात नवऱ्याला इतकं छळणारी दुसरी बाई झाली नसेल, हे मी सातवी नापास माणूस लेखी द्यायला तयार आहे.

या वेडाला कारण होतं. माझ्या पुतण्याचा साखरपुडा एका मोठ्या हॉटेलात होता. आमच्यात कार्याला कुणी रिकाम्या हातानं जात नाही, म्हणून ही लाडवांचा भलामोठा डबा कमरेवर घेऊन आत शिरली. काउंटरवरच्या साहेबानं डबा पाहिला, लुगडं पाहिलं, इंग्रजीत काहीतरी बोलला आणि भटारखान्याचं दार दाखवलं. ही गेली! तासभर तिथं काकड्या चिरत बसली. मी शोधत गेलो तर म्हणाली, "त्यांना वाटलं मी कामाला आलेय. नाही कसं म्हणायचं तेच येईना." मला तरी कुठं येत होतं?

मग हिनं रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांतून इंग्रजी शिकवणारं एक पुस्तक उचललं. त्यातला हॉटेलात उतरायचा धडा तेवढा पाठ केला आणि बाकीची पानं डब्यांखाली अंथरली. बाजाराचं नको, दवाखान्याचं नको, इंग्रजी फक्त हॉटेलाचं. मी रिटायर झालेला, तरी पहाटे पाचला कानाशी ओरडायची, "गुड मॉर्निंग सर, धिस इज युवर वेक-अप कॉल!" ओझरला माझ्या धाकट्या बहिणीकडे गेलो, तर न्हाणीतून आवाज, "देअर इज नो हॉट वॉटर!" बहीण म्हणाली, "वहिनी, बंब आत्ताच पेटवलाय, जरा दम धरा." निघताना ही तिला म्हणते, "द स्टे वॉज व्हेरी प्लेझंट." बहिणीनं मला बाजूला घेतलं. "दादा, वहिनी रागावल्या का रे?"

खरंच एक रात्र हॉटेलात राहायचं, हा हट्ट. पण कुठं? पुण्याला हिचा भाऊ, जळगावला मावशी. नातेवाईक सोडून हॉटेलात उतरलो असतो तर जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं. शेवटी हिनं नाशकातलंच हॉटेल धरलं, घरापासून सिटीबसनं वीस मिनिटं! "कुणी विचारलं तर घराला रंग काढलाय म्हणू," म्हणे. फोन स्वतःच लावला. खोली गुरुवारची ठरली, तरी ब्रेकफास्टचं विचारायला, खिडकीचं विचारायला आणखी तीनदा लावला. माझं डोकं फिरलं.

"ते मराठीतच बोलतील तुझ्याशी."

"बोलू देत. मी नाही बोलणार."

"आणि हसले तर?"

हिनं काखेतली पर्स काढून मशीनवर ठेवली. इतक्या वर्षांची भीती तीच होती, आणि मी मूर्खानं नेमकं तिथंच बोट ठेवलं. जरा वेळानं पर्स पुन्हा काखेत मारून म्हणाली, "चला, पहिल्यापासून." ती मंगळवारची तालीम.

बुधवारी पहाटे ती झोपेतच गेली.

सकाळी माणसं जमू लागली. मला काय करावं सुचेना. एवढंच सुचलं की खोली रद्द करायला हवी. हॉटेलला फोन लावला.

"उद्याच्या मॅडमची ना?" पलीकडचा माणूस म्हणाला. "का हो काका, बेत बदलला?"

"वारल्या त्या. आज पहाटे."

"अरेरे!" तो म्हणाला. मग म्हणाला, "काका, फार छान बोलायच्या हो. आम्हाला वाटलं, कॉलेजात इंग्रजी शिकवत असतील."

"शिकवायच्या," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

आत गेलो. तिच्या कानाशी तोंड नेऊन, तो काय म्हणाला ते शब्दन्‌शब्द सांगितलं. दोनदा सांगितलं. भोवती बसलेल्या बायकांना वाटलं, मी देवाचं नाव घेतोय.